टाकी मीच रिकामी केली

टाकी मीच रिकामी केली. माझ्याच हातानं. मे महिन्याचं ऊन, नळाच्या चावीला हात लावला की चटका बसत होता. म्हणून खांद्यावरचा दुपट्टा चावीला गुंडाळला आणि फिरवली. डब्याखालच्या नळातून पाणी भसकन बाहेर आलं आणि रुळांमधल्या खडीवर पडायला लागलं.

आम्हा खलाश्यांचा मिस्त्री माझ्या मागं उभा होता. मॅनेजर डब्याच्या सावलीत उभा होता. वर खिडकीच्या जाळीमागं एक म्हातारी बाई बसली होती. पाणी खरंच चाललंय की नाही, ते ती पाहत होती.

"पुरी खाली कर," मिस्त्री म्हणाला. "थेंब राह्यला नाई पायजे."

मी म्हणालो, "जी."

एवढंच बोललो. त्या एका अक्षराची लाज मला आजही आहे.

ती टाकी सकाळी मीच भरली होती. माझा हात लागला म्हणून पाणी बाटलं. आणि बाटलेलं पाणी काढायलाही माझाच हात पाहिजे होता.

मी रेल्वेत खलाशी होतो. अकोला आणि बडनेऱ्याच्या मधल्या एका स्टेशनावर गाड्यांच्या डब्यांत पाणी भरायचं माझं काम. स्टेशनाचं नाव लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीची स्टेशनं मोकळी होतात. गाडी आली की रबरी नळी खांद्यावर घ्यायची, शिडीनं डब्याच्या छतावर चढायचं, टाकीचं झाकण उघडून नळी आत सोडायची. गाडी थांबायची दहा मिनिटं. तेवढ्यात होतील तेवढे डबे. तिसऱ्या वर्गाची पाळी शेवटी. बहुतेक वेळा यायचीच नाही. माणसं खिडकीतून सुरया बाहेर काढून ओरडायची, तोवर शिट्टी व्हायची.

मी सातवी पास. छप्पन साली बापासोबत पांढरे कपडे घालून नागपूरला गेलो आणि बौद्ध होऊन आलो. परत आल्यावर बापानं घरातले देव फडक्यात बांधले, नदीत सोडले आणि मला म्हणाला, "आता थो जुन्या जातीचा शब्द तोंडातून काढाचा नाई. कोनी इचारलं तरी नाई." मी हो म्हणालो होतो.

आता त्या डब्याबद्दल सांगतो. आम्ही त्याला राजाचा डबा म्हणायचो. साहेब लोक सलून म्हणायचे. पूर्वी कोण्या संस्थानिकाचा होता म्हणे. संस्थानं गेली आणि डबा मुंबईच्या एका खाजगी कंपनीकडं आला. कंपनी तो बड्या लोकांना भाड्यानं द्यायची. मेलगाडीच्या शेवटी जोडायचा, हव्या त्या स्टेशनावर तोडून यार्डात उभा करायचा, परत जायच्या दिवशी पुन्हा मेलला लावायचा. आत पलंग, न्हाणीघर, स्वयंपाकघर, पंखे. बाहेरून सायीसारखा रंग. एका डब्यात आठ-दहा माणसं, आणि त्यांच्या दिमतीला तीन नोकर. त्याच मेलच्या तिसऱ्या वर्गात माणसं एका पायावर उभी राहून भुसावळहून यायची.

आमच्याकडं तो डबा शिकारीच्या पार्ट्या घेऊन यायचा. पुरुष जीपनं मेळघाटात, सेमाडोहाकडं जायचे. बाया आणि म्हातारी माणसं डब्यातच राहायची. चार-चार दिवस डबा यार्डात उभा. त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी लागायचं. ते माझ्याकडं.

यार्डाला लागूनच खलाश्यांच्या खोल्या. सगळ्यांना मिळून एक नळ. सकाळी तासभर यायचा, उन्हाळ्यात कधी तोही नाही. गाड्यांच्या नळाला घरच्या बायांनी हात लावायचा नाही, असा नियम. मी दिवसभर पाणी भरायचो आणि माझी बायको गिरजा पोरीला कडेवर घेऊन दिवसभर पाण्यासाठी बसायची.

त्या मे महिन्यात एका गिरणीवाल्या शेठची पार्टी आली. शेठ आणि त्याचे मित्र बंदुका घेऊन गेले. मागं शेठची आई राहिली. तिला सगळे माँजी म्हणायचे. पहिल्याच दिवशी तिनं माझं काम पाहिलं. मी वेळेवर येतो, सांडलवंड करत नाही, झाकण नीट लावतो. नोकराला म्हणाली, "आदमी अच्छा है." दुसऱ्या दिवशी तिनं खिडकीतून मला बेसनाचा लाडू दिला. हातात दिला. वरून टाकला नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. अर्धा लाडू मी पोरीसाठी घरी नेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरून उतरलो, तर माँजी दारात उभी. हातात तांब्याचा तांब्या. पूजेला ताजं पाणी पाहिजे होतं. मी तांब्या घेतला, मातीनं लखलखीत घासला, नळाची धार थंड होईस्तोवर थांबलो आणि भरून दिला. तिनं नाव विचारलं. सांगितलं. देवाचं नाव आहे म्हणून खूश झाली.

मग म्हणाली, "कौन लोग हो तुम?"

"बौद्ध."

"वो तो अब. पहले कौन थे?"

मिस्त्रीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "सलूनवाल्याईनं इचारलं त कुनबी सांगजो. भानगड नको." बापानं सांगितलं होतं, तो शब्द काढायचा नाही. मी दोघांचंही ऐकू शकलो असतो. गप्प तरी राहू शकलो असतो. पण मोठं माणूस वरून विचारायला लागलं की आमची मान आपोआप खाली जायची. तशी ती गेली. आणि चार-पाच वर्षं तोंडातून न काढलेला शब्द मी काढला. तो मी इथं लिहीत नाही.

माँजी ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिनं तांब्या पायरीवर ठेवला. ज्या हातानं मला लाडू दिला होता, तो हात नुसता पाहत राहिली. मग आत वळून तिनं मॅनेजरला हाक मारली.

मॅनेजर कंपनीचा माणूस. मुंबईचा, पँट-शर्टातला, गोड बोलणारा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ, मी स्वतः हे असलं काही मानत नाही. कॉलेजात तुमच्यातला एक मित्र होता माझा. पण शेवटी पार्टी आहे. म्हातारं माणूस आहे, दोन दिवस अन्न शिवणार नाही. तू समजून घे."

मी समजून घेतलं. मान हलवली. मग मिस्त्री आला, आणि पुढचं तर वर सांगितलंच आहे.

पाणी वाहत होतं. खडीतून वाट काढत ते यार्डाच्या कडेला गेलं. नळावर बसलेल्या बायांनी ते पाहिलं. एकीनं हाक दिली आणि सगळ्या धावत आल्या. हंडे, गुंड्या, बादल्या, ज्याला जे मिळालं ते. डब्याखाली वाकून त्यांनी भांडी लावली. त्यात गिरजा होती. पोरीला तिनं खडीवर बसवलं होतं. पोरगी दोन्ही हातांनी त्या पाण्यात थापट्या मारत होती.

गिरजानं वर पाहिलं आणि मला चावीजवळ बसलेला पाहून हसली. लग्नाला चार वर्षं झाली होती. अशी हसलेली मी तिला कमी पाहिली होती.

"तुमी सोडलं काय पानी? आमच्यासाटी सांगतलं काय त्याईले?"

मी म्हणालो, "हो."

तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "पाय वं, माह्या मालकानं सोडाले लावलं."

मी चावीकडं पाहत बसलो.

थोड्या वेळानं मॅनेजर आला. "या बायकांना हटवा इथून. माँजींना त्रास होतोय." मिस्त्रीनं हाकललं. गिरजाची गुंडी अर्धीच झाली होती. ती तशीच उचलून बाजूला झाली, पण गेली नाही. तिथंच उभी राहिली, म्हणून पुढचं तिला दिसलं. किसन आला. किसन माझ्या जोडीचा खलाशी, शेतकऱ्याचा पोरगा, आमच्यातला नाही. आम्ही दोघं एका फडक्यातली भाकर खायचो. त्यानं नळीचं तोंड राखेनं घासलं. दोनदा घासलं. नळी खांद्यावर घेतली आणि शिडी चढला. माझ्याकडं पाहिलं नाही.

गिरजानं एकदा नळीच्या तोंडाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग गुंडी डोक्यावर, पोरगी कडेवर, आणि निघून गेली.

संध्याकाळी मी घरी गेलो, तेव्हा चूल पेटलेली नव्हती. किसनच्या बायकोनं तिला सगळं सांगितलं होतं. पाण्याची गुंडी दाराशी तशीच होती.

मी म्हणालो, "फेकून दे थे पानी."

"पानी कावून फेकू? पान्याचा काय गुन्हा?" ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "चावी कोनं फिरवली?"

"मी."

"कोनं सांगतलं?"

"मिस्त्रीनं. नोकरी हाय, गिरजा. नाई म्हनता येते का?"

"त्याईनं केलं थे केलं. त्याईची रीतच हाय. पन तुमी कावून फिरवली? अन् मले कावून सांगतलं का आमच्यासाटी सोडलं म्हून? मी साऱ्याईले सांगत बसली!"

माझा हात उचलला गेला. मारलं नाही. पण उचलला गेला, हे लिहिलं पाहिजे.

ती मागं सरकली नाही. माझ्या हाताकडं पाहून म्हणाली, "माह्यावर उचलता. तथी कावून नाई उचलला?"

मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. तिच्यावर राग नव्हता. म्हातारीवरही नव्हता. मॅनेजरवर, मिस्त्रीवर थोडा होता. पण मुख्य राग मला माझ्या मानेवर होता. विचारलं की खाली जाते, समजून घे म्हटलं की हलते. ही मान कोणी केली अशी? आणि मी ती किती दिवस अशीच वागवणार? बाप नागपूरला जाऊन आला, म्हातारपणी सगळं सोडलं. मी तर तरणा होतो. मी कपडे पांढरे केले होते आणि आत तोच राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी किसन भाकर घेऊन आला. "गड्या, माह्या मनात काई नाई. मिस्त्रीनं सांगतलं म्हून चढलो," म्हणाला. मी म्हणालो, "मीबी मिस्त्रीनं सांगतलं म्हूनच फिरवली." आम्ही दोघंही जेवलो नाही.

पावसाळ्यात मी अमरावतीला गेलो. तिथं आमच्यातले एक शाळामास्तर राहत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी धीर दिला नाही. कपाटातून एक पातळसं पुस्तक काढून हातात दिलं आणि म्हणाले, "वाच. सातवी झाली ना तुझी?" अस्पृश्यतेच्या गुन्ह्याचा कायदा होता तो. पाण्यावरून, जागेवरून, कामावरून माणसाला अडवणं गुन्हा आहे, असं त्यात छापलेलं. पाच-सहा वर्षं झाली होती तो कायदा होऊन. मला माहीत नव्हता. मिस्त्रीला माहीत नव्हता. आमच्या स्टेशनच्या साहेबाला माहीत असणार. मॅनेजर तर कॉलेजात शिकलेला.

घरी येऊन मी ते गिरजाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती आंबाडीची भाजी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "हे सारं लिहेल हाय?"

"हो."

"मंग त्याईलेबी लिहाले लावा."

डिसेंबरात राजाचा डबा पुन्हा आला. सकाळच्या मेलला. तोडून यार्डात लावला. मी नळी घेऊन निघालो, तर मिस्त्री आडवा आला.

"तू आज मालधक्क्यावर जाय. इथी किसन पाहीन."

"कावून?"

मिस्त्री चमकला. त्याला मी कधी कावून विचारलं नव्हतं.

"कावून म्हंजे? मी सांगून राह्यलो म्हून."

"हजेरीत माही ड्यूटी पान्यावर हाय. बदलाची असन त लिहून द्या. कावून बदलली थेबी लिहा. अन् खाली सही करा."

"लेका, डोकं फिरलं काय तुह्यं?"

"लिहून द्या."

मिस्त्री साहेबाकडं गेला. मी नळी घेऊन डब्यापाशी गेलो. मॅनेजर तोच होता. त्यानं मला ओळखलं. तोच गोड आवाज काढला. "अरे, मागच्या वेळी तू किती समजूतदारपणे..."

"साहेब," मी म्हणालो, "तुमी हे मानत नाई ना?"

"नाही रे, मी कुठे..."

"मंग तेवढं लिहून द्या. का कंपनीचा मॅनेजर मानत नाई, पन ह्या मानसाच्या हातचं पानी कंपनीले चालत नाई. दोन ओळी."

मॅनेजरचा चेहरा बदलला. गोडी गेली. इंग्रजीत काही पुटपुटला आणि लांब जाऊन उभा राहिला.

साहेब स्वतः आला. सोबत मिस्त्री, किसन, आणि तमाशा पाहायला आठ-दहा माणसं. साहेबानं मला काही विचारलं नाही. किसनला म्हणाला, "याच्या हातातली नळी घे."

किसन पुढं आला. नळीवर हात ठेवला. मी सोडली नाही. त्यानं ओढली नाही. आम्ही दोघं तसेच ती नळी धरून उभे. त्याच्या हाताला घाम सुटलेला मला जाणवत होता. मग किसन मटकन खाली बसला. "साहेब, पायात गोया आला. चढता नाई येत."

सगळ्यांना कळलं की काही गोळा आलेला नाही. कोणी हसलं नाही.

मी शिडी चढलो. झाकण उघडलं. नळी आत सोडली आणि टाकी काठोकाठ भरली. खाली उतरलो आणि जिथून ती टाकी रिकामी करतात, त्या चावीसमोर उभा राहिलो. साहेबाला म्हणालो, "आता कोनाले सोडाचं असन त त्यानं स्वतः सोडाव. मी नाई सोडत. अन् कोनं सोडलं त्याचं नाव मी लिहून घेईन."

कोणी पुढं आलं नाही.

आणि आता जे सांगतो, ते मला त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं. या वेळची पार्टी वेगळी होती. कोण्या इंग्रजी पेढीतले साहेब आणि त्यांच्या मड्डमा. हा गोंधळ ऐकून त्यातला एक जण पायजम्यावर दारात आला. मॅनेजरनं त्याला काहीतरी सांगितलं. तो माणूस म्हणाला, "पानी आया ना? तो चाय लाओ." आणि आत गेला. त्यांनी कोणी काही विचारलंच नव्हतं. जात नाही, गोत नाही. मॅनेजर, मिस्त्री आणि आमचा साहेब, या तिघांनी आपल्या मनानंच मला मालधक्क्यावर पाठवायचं ठरवलं होतं. न मागता. उगाच पाहुण्यांचं तोंड वाकडं नको म्हणून. मी इतके महिने त्या म्हातारीचा चेहरा डोळ्यांपुढं धरून बसलो होतो. आणि इथं म्हातारी नसली तरी चालत होतं.

दोन दिवसांनी कागद आला. हुकूम मोडला, वरिष्ठांशी उद्धट वागला, पाहुण्यांसमोर रेल्वेची बेअब्रू केली. मिस्त्री घरी आला. ओट्यावर बसला, पाणी मात्र मागितलं नाही. "दोन ओळीचा माफीनामा देऊन टाक. साहेब फाडून टाकतो म्हन्ते. कायले पोरीच्या पोटावर पाय देतं?"

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. त्याच्यासमोरच कागद घेतला आणि दोन ओळींऐवजी चार पानं लिहिली. मे महिन्यापासूनचं सगळं. लाडू, तांब्या, चावी, राख. मॅनेजर काय बोलला, साहेब काय बोलला. मी कोणता शब्द काढला तेही. खाली सही केली. जातीच्या जागी बौद्ध लिहिलं. एक प्रत साहेबाला दिली, एक पोलीस ठाण्यात, एक मास्तरांनी वर कुठं कुठं पाठवली. ठाण्यातल्या हवालदारानं कागद घेतला, पोच दिली नाही. मी पोच मागत दुपारपर्यंत बसलो. शेवटी दिली.

साक्षीला किसनचं नाव लिहिलं होतं. तो आला नाही. "मले लेकरं हायेत गड्या," म्हणाला. लेकरू मलाही होतं.

माझी बदली यवतमाळकडच्या लहान लाइनीवर झाली. दिवसातून एक गाडी, तिला पाणी भरायचं कामच नाही. मी तिथं झाडझूड करायचो. गिरजानं सामान बैलगाडीत चढवलं तेव्हा शेजारच्या खोल्यांतल्या बाया दारात उभ्या होत्या. एकजण पुढं येऊन पोरीच्या हातात गुळाचा खडा देऊन गेली.

चौकशी दोन वर्षं चालली. भुसावळच्या मोठ्या कचेरीत तीनदा बोलावलं. तीन वेळा गेलो. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, शब्द फिरवून. शेवटच्या वेळी टेबलामागचे साहेब भले होते. चष्मा काढून म्हणाले, "तुमचं म्हणणं खरं असेलही. पण पुरावा नाही, साक्षीदार नाही. मी इथं लिहिलंय, गैरसमजातून प्रकार घडला, मला खेद वाटतो. एवढ्यावर सही करा. तुमची पहिली जागा मिळेल. नाहीतर नोकरीचं मी सांगू शकत नाही."

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. टाक शाईत बुडवून दिला.

मी तो कागद पूर्ण वाचला. दोनदा वाचला. त्यांना वाटलं असेल, अडखळत वाचतोय. मी अडखळत नव्हतो.

"गैरसमज कोनाचा झाला, साहेब?" मी विचारलं. "माहा त झाला नाई. मले चांगलं समजलं होतं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मी टाक टेबलावर ठेवला. "नाई करत सही. नोकरी गेली त दुसरं काम पाहीन. तुमी बलावलं त चौथ्यांदा येईन, पाचव्यांदा येईन, अन् दर खेपेले हेच सांगीन. खेद ज्याले वाटाले पायजे, त्याची सही घ्या."

आणि मी उठलो.